कानानं हसणारं लेकरू

बाई, तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात ते भाकरी थापता थापता. मला नर्स म्हणून नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. पुसेगावपासून आत, कच्च्या रस्त्यावर आपलं उपकेंद्र. पुढच्या खोलीत तपासणीचं टेबल, मागच्या खोलीत मी, माझी पत्र्याची पेटी आणि रॉकेलचा स्टो. तेव्हा आपला जिल्हा अजून परभणीच होता. चार उपकेंद्रांच्या आम्हा चार नर्सांवर देखरेख करायला तुम्ही हिंगोलीहून यष्टीनं यायचात, आणि आल्या आल्या रजिस्टर मागायच्या ऐवजी पिठाचा डबा मागायचात. त्या दिवशी ज्वारीची भाकरी तुमच्या तळहाताखाली गोल फिरत होती आणि तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "सकाळचं ते सात महिन्यांचं पोरगं बसतं का गं?" मी म्हटलं, "हो बाई, बसतं. त्याची आई म्हणाली." भाकरी थांबली. "आई म्हणाली ते आईनं बघितलं. तू काय बघितलंस?" मी स्टोला पंप मारायला लागले. "तुला सरकारनं बघायला ठेवलंय. उद्या जा अन् त्याला जमिनीवर बसवून ये. हात लावायचा न्हाई. दहापर्यंत आकडे म्हण, तोवर बसलं तर बसलं." मग भाकरी तव्यावर टाकून, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवून, अगदी वेगळ्या आवाजात म्हणालात, "मिरची लई तिखट हाय का तुझ्याकडली? मला सोसत न्हाई आजकाल."

मी दुसऱ्या दिवशी गेले. पोरगं दहा आकड्यांत तीनदा कलंडलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा हसलात आणि म्हणालात, "आठवडाभरात बसंल. पण आता तुला ठाऊक झालं." मला मात्र तुमचं ते बोलणं फार लागलं होतं. त्या दिवसापासून मी आयांना विचारणं जवळजवळ सोडूनच दिलं. मला वाटलं तुम्ही तेच शिकवलंत: आई काय म्हणते त्यावर जायचं नाही. तुम्ही तसं शिकवलं नव्हतं हे मला पुढं कळलं, आणि ते कळायची किंमत दुसऱ्याच्या लेकरानं मोजली. ती गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत होती. उरलेली अर्धी सांगायला आज बसले आहे.

सरकारी रजिस्टरात लशीचे आणि वजनाचे रकाने होते. लेकराला काय काय यायला लागलं, याचा नव्हता. म्हणून तुम्ही आम्हा चौघींना शाळेच्या दोनशे पानी वह्या आणून दिल्यात आणि स्वतः पट्टी धरून रकाने आखून दिलेत. मान, नजर, आवाज, हसू, कुशीवर वळणं, बसणं, रांगणं, उभं राहणं, बोलणं. लस टोचायला लेकरू येतंच, तर त्याच वेळी हेही बघून घ्यायचं, असं तुमचं म्हणणं. गावातल्या म्हाताऱ्यांना हे सगळं आपल्याआधीपासून ठाऊक होतं. लेकरू पालथं पडलं की घरात गोड व्हायचं, उंबरा ओलांडला की आजी गल्लीभर सांगत सुटायची. तुम्ही त्यांना कधी अडाणी म्हणाला नाहीत. एवढंच म्हणायचात, "जे येतं त्याचं गोडधोड सगळेच करतेत. जे येत न्हाई ते बघणारं कोणी तरी पाहिजे." नजर तपासायला तुमच्या पिशवीत लाल लोकरीचा एक गोंडा असायचा, पोळ्याला बैलाच्या शिंगाला बांधतात तसला. लेकराला मांडीवर उताणं घेऊन तो गोंडा त्याच्या तोंडापासून हातभर वर धरायचात आणि हळू, अगदी हळू, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचात. लेकराची नजर त्याच्यामागून निघाली की तुमचा स्वतःचा चेहराच असा काही फुलायचा, जणू तुम्ही हे पहिल्यांदाच बघत आहात. "तुमीबी आपापले गोंडे घ्या," असं तुम्ही सगळ्यांना बजावलं होतंत. तिघींनी घेतले. मी घेतला नाही. पोळा होऊन गेला होता, पुसेगावच्या बाजारात मिळेना, आणि मला वाटायचं, आपण हाक मारून लेकरू हसवलं तरी तेवढंच होतं.

गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडं मेंढ्या पाळणाऱ्यांची सात-आठ घरांची वस्ती होती, आठवते का? तिथली एक सून आपलं पहिलं लेकरू घेऊन आली. मुलगी होती, दीड महिन्याची. आई स्वतः जेमतेम एकोणीसची असेल. त्या दिवशी शाळेच्या ओसरीला मी वजनकाटा टांगला होता, चाळीसभर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, लशीच्या डब्यातला बर्फ पाणी होत चालला होता. तिची पाळी आली तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, ही माझ्याकडं बघत न्हाई वो." मी सुई भरता भरता म्हटलं, "दीड महिन्याचं लेकरू कुठं बघतंय? दोन-तीन महिने होऊ दे." ती पोरीला पदराखाली घेऊन उठली. महिन्यानं दुसऱ्या डोसाला ती पुन्हा आली, आणि या वेळी सगळ्या बाया उठून जाईपर्यंत बाजूला थांबून राहिली. मग म्हणाली, "आवाज दिला की हसती. पण बघती भलतीकडंच. आमची मेंढरं बघा, पिलू दोन दिसांत आईला बघतंय." मला घरी जायचं होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "आण इकडं," म्हणून मी पोरीला घेतलं आणि "ए ठमे, ए सोने" असं मोठ्यानं बोलले. पोरीनं बोळकं उघडून असं काही हसून दाखवलं की मलाच हसू आलं. "हे बघ. हसली की! उगं काळजी करून राहिलीस," मी म्हटलं आणि वहीत दोन खुणा केल्या. हसू, बरोबर. नजर, बरोबर. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बरोबरची खूण तिला कळली. "मग बराबर हाय म्हणा," ती म्हणाली. तिचा जीव हलका झालेला मला दिसला, आणि बाई, मला त्या वेळी आपण एक चांगलं काम केलं असंच वाटलं.

तिसऱ्या डोसाला ती आली नाही. त्या दिवशी नेमक्या तुम्ही आला होतात. यादीवरून बोट फिरवत तुम्ही तिच्या नावापाशी थांबलात आणि म्हणालात, "आली न्हाई तर आपण जाऊ. चल, डबा उचल." ऊन चढलं होतं. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. तुम्ही चपला हातात घेऊन, पातळ वर खोचून पुढं चालला होतात आणि मी मागून लशीचा डबा सांभाळत. वस्तीवर पुरुष माणूस कोणी नव्हतं, सगळे कळप घेऊन लांब गेले होते, व्यालेल्या मेंढ्या तेवढ्या मागं होत्या. बाभळीच्या सावलीत घोंगडी टाकून तिच्यावर पोरगी निजवली होती आणि सासू तिच्याशेजारी लोकर पिंजत होती. सून मेंढ्यांच्या वाड्यातून हात पुसत आली. मला बघून हसली. मी लांबूनच "ए ठमे" म्हणायला तोंड उघडलं तर तुम्ही माझा दंड धरलात. "बोलू नको. कोणीच बोलू नका."

तो क्षण मी अजून बघते आहे. तुम्ही बांगड्या कोपरापर्यंत वर सारता आणि घोंगडीच्या कडेला उकिडव्या बसता. पोरीच्या तोंडासमोर आपलं तोंड नेता, वीतभर अंतरावर. ती जागी आहे, हातपाय उडवते आहे, पण तिचे डोळे तुमच्या चेहऱ्यावरून घसरून कुठल्या कुठं जातात. तुम्ही गोंडा काढता. लाल गोंडा इकडून तिकडं जातो, तिकडून इकडं येतो. पोरीचे डोळे हलतात, पण आपले आपणच. मेंढरं खाकरतात तेवढाच आवाज. मग तुम्ही हळूच म्हणता, "काय गं बाय?" आणि पोरगी खळकन हसते. तुम्ही तिला उचलून सावलीच्या कडेपर्यंत नेता, तिची मान हातावर तोलून धरता आणि डोळ्यांत बघत राहता. किती तरी वेळ. दोन्ही बुबुळांच्या मधोमध, चुन्याचं बोट लागावं तसं पांढुरकं काही तरी आहे. तुम्ही मला खुणेनं बोलावून ते दाखवता. काजळाच्या एवढ्या जाड रेघांमध्ये ते मला दोनदा दिसलं नव्हतं, कारण मी दोनदा बघितलंच नव्हतं.

"वही दे," तुम्ही म्हणालात. मी दिली. तुम्ही खूण बघितलीत. "नजर कशी बघितलीस?"

"मी बोलावलं बाई. ती हसली."

"कानानं हसली ती. तुला बघून न्हाई." तुमचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग तुम्ही विचारलंत, "हिच्या आईनं काही सांगितलं नव्हतं तुला?"

आणि मी म्हटलं, "नाही बाई."

आई तिथंच उभी होती. दोन हातांवर. तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. तुम्ही तिच्याकडं वळलात. "काय गं पोरी, दिवसभर तुझ्याच मांडीवर असती ही. तुला कळलं न्हाई व्हय? सांगायचं न्हाई का? काहून गप बसलीस?" मला वाटलं आता ही बोलेल. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि म्हणाली, "चुकलं माझं, बाई." सासूनं लोकर बाजूला टाकून तिला दोन शब्द आणखी सुनावले. मी लशीच्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण लिहिते, कारण ते आठवताना मला तुमचा अभिमान वाटतो. सासूला तुम्ही जवळ बसवून घेतलंत. जन्मापासूनचा मोतीबिंदू आहे, म्हाताऱ्यांना होतो तसाच, असं सांगितलंत. ती म्हणाली, "एवढ्याशा डोळ्याला सुरी लावतेत?" तुम्ही म्हणालात, "लावतेत. अन् आत्ताच लावावी लागते. बघायचं कसं ते डोळा आता शिकून राहिलाय. शिकायचे दिवस गेले की मग पडदा काढून बी उपयोग होत न्हाई." सासू बराच वेळ पोरीचे पाय चोळत बसली. आपल्याला वाटलं होतं ती नवऱ्याला, लेकाला विचारू म्हणेल, महिना घालवेल. ती उठली आणि म्हणाली, "लेक माझा दहा दिसांनी येईल. तवर थांबायचं का न्हाई ते सांगा." तुम्ही म्हणालात, "न्हाई." "मग मी येते संगं. मेंढरं राखायला जाऊबाई हाय." तुम्ही स्वतःची रजा टाकलीत. तिसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं तुम्ही तिघी आणि ती पोरगी नांदेडला निघालात, तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, आणि तुम्ही तशाच पुढं गेलात. डॉक्टरांशी बोलायचं, कुठं सही करायची, रात्री बायांनी कुठं टेकायचं, सगळं तुम्ही बघितलंत. तुम्ही त्यांच्या कोण होतात?

अठरा दिवसांनी परत आलात तेव्हा माझ्या खोलीत स्टोपाशी बसून सगळं सांगितलंत. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन पोरीला जाड भिंगांचा एवढासा चष्मा दिला होता, मागून नाडीनं बांधायचा. तो पहिल्यांदा चढवला तेव्हा ती रडायची थांबली आणि एकदम स्तब्ध झाली. आई पुढं वाकली, आता ही आपल्याकडं बघणार म्हणून. पण पोरगी खिडकीकडंच बघत राहिली, उजेडाकडं. आईच्या तोंडाकडं बघेचना. तुम्ही पोरीची मान वळवायला गेलात तर आईच म्हणाली, "बघू द्या बाई. मी काय, हायच की हितं." हे सांगताना तुम्ही डोळ्याला पदर लावलात आणि वर स्टोच्या धुराला नाव ठेवलंत. मग चहा ओतता ओतता म्हणालात, "डावा डोळा जरा अधूच राहील म्हणले डॉक्टर. आणखी महिना-दोन महिने आधी आणायला पाहिजे होती." तुम्ही हे मला लागावं म्हणून सांगितलं नव्हतं. तुमच्या लेखी मी न बघण्याची चूक केली होती आणि तिची शिक्षाही तुम्ही दिली होती: वहीतली सगळी लेकरं घरोघर जाऊन, तोंडानं चकार शब्द न काढता, पुन्हा तपासायची. त्यासाठी जाण्याआधी तुमचा तो लाल गोंडा माझ्या हातात ठेवून गेला होतात. "ठेव तुझ्याकडं, मी दुसरा घेईन." मी सगळी लेकरं तपासली होती. एकाचा कान वाहत होता, बाकीची ठीक निघाली. पण आधी म्हणजे केव्हा, हे मला ठाऊक होतं. आईनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा पोरगी दीड महिन्याची होती.

मी तिला गाठलं ते ती परत आल्यावर चार दिवसांनी, ओढ्यावर कपडे धुताना. चष्मेवाली पोरगी सासूच्या काखेत होती, लांब काठावर. मी विचारलं, "त्या दिवशी तू बोलली का नाहीस? तू तर दोनदा सांगितलं होतंस मला." तिनं घोंगडी पिळायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी पिळली. मग म्हणाली, "तुमी नव्या होत्या, सिस्टर. बाईंनी तुमाला लई बोललं असतं. मला काय, सासूबाई रोजच बोलतेत. एक दिस आणखी." आणि हसली. तिचं ते हसणं मला आजवर झेपलेलं नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "आता बघती ना ती. मेंढरू दिसलं की हात हलवती." मी तिला म्हटलं, बाईंना मी सांगेन. ती म्हणाली, "तुमची मर्जी."

सांगेन म्हटलं ते कधी? तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सांगायचं ठरवलं होतं, नंतर, चहाच्या वेळी. आरोग्य केंद्राच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, तुम्हाला नारळ आणि साडी दिली. तुम्हाला बोलायला लावलं तर तुम्ही दोन मिनिटांत आटोपलंत, आणि त्या दोन मिनिटांत माझ्याकडं बोट करून म्हणालात, "ही पोरगी आयांचं ऐकती. बाकीच्या कामं करतेत, ही ऐकती. हे मी तिला शिकवलं न्हाई, ती आपली आपण शिकली." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. खरं होतं ते. त्या ओढ्यावरच्या दिवसापासून एखादी आई बोलायला लागली की मी हातातलं काम खाली ठेवत होते. पण ते मी कुठून शिकले, हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि एवढ्या कौतुकानंतर ते सांगायला माझी जीभ उचलेना. मी चहाचे कप गोळा करायला गेले.

मग माझा मुलगा झाला. तुम्ही निवृत्त होऊन घरी बसला होतात, तरी हिंगोलीहून मुद्दाम आलात, पिशवीत डिंकाचे लाडू आणि स्वतः शिवलेली दोन झबली घेऊन. झबल्यांच्या बाह्या इतक्या लांब की मुलगा वर्षाचा झाला तेव्हा त्या बरोबर बसल्या. तोवर मी शेकड्यानं लेकरं बघितली होती, पण माझ्या स्वतःच्या लेकरापुढं माझी अक्कल चालेना. तिसऱ्या महिन्यात मान डुगडुगते वाटायचं, रोज वाटीवर चमचा वाजवून बघायची, नवरा वैतागला होता. तुम्ही हातपाय धुऊन आलात, त्याला मांडीवर घेतलंत, अर्धा तास काही बोलला नाहीत. मान बघितलीत, डोळे बघितलेत, मुठी उघडून बघितल्यात, पाय दुमडून बघितलेत. मी शेजारी भिंतीला टेकून उभी. शेवटी म्हणालात, "याला सगळं येतं. याच्या आईला तेवढा धीर येत न्हाई." तेव्हा मी रडले. तुम्हाला वाटलं बाळंतीण आहे, हळवी झाली आहे. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालात, "तुला काळजी वाटती ना, तर बोलत जा. माझ्यापाशी बोल. उगं मनात ठेवून राहायचं न्हाई." याहून सोपी वेळ मला कोणी दिली नसती. मी नाक पुसलं आणि झबल्याची शिवण चांगली आली म्हटलं.

शेवटची भेट हिंगोलीच्या बसस्टँडवर. तुम्ही वसमतला लेकीकडं निघाला होतात, मी मीटिंगहून परत. तुम्ही शेंगा खात बाकावर बसला होतात आणि मला ओढून शेजारी बसवलंत. वाळला होतात. मी विचारलं तर म्हणालात, चढ चढताना छातीत भरून येतं, लेक डॉक्टरकडं नेणार आहे. वसमतची गाडी लागायला पंधरा मिनिटं होती. आपण काय बोललो? माझ्या मुलाचे दात. तुमच्या नातवाची शाळा. जिल्हा आता वेगळा झाला तर कचेऱ्या कुठं कुठं होतील ते. गाडी लागली, तुम्ही खिडकीतून उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्यात. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. आरोग्य केंद्राचा फोन बंद होता, मला निरोप दोन दिवसांनी मिळाला. मी दहाव्याला पोचले. तुमची लेक मला बिलगून म्हणाली, "आईला तुमचं लई कौतुक होतं."

ती पोरगी आता नववीत आहे, बाई. परवा तिची आई तिला घेऊन उपकेंद्रावर आली होती, धाकट्या भावाचा पाय कापला म्हणून. चष्मा तसाच जाड, डावा डोळा थोडा आत वळतो. पुस्तक नाकापाशी नेऊन वाचते, वर्गात पहिल्या बाकावर बसते, फळ्यावरचं सगळं दिसत नाही तर मास्तरांना सरळ विचारते. बोलायला फटकळ आहे. लेकरांना केव्हा काय येतं त्याचा माझ्या भिंतीवरचा तक्ता वाचून मला म्हणाली, "सिस्टर, यात रांगणं दोनदा लिहिलंय." खरंच लिहिलं होतं. चार वर्षं तो तक्ता तिथं होता. तिची आई आता पस्तिशीला आली, केस पांढरे व्हायला लागले आहेत. आम्ही त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. जाताना तिनं मला वस्तीवर जेवायला बोलावलं, आणि मी जाणार आहे.

तुमच्या घरचा पत्ता मला अजून पाठ आहे, पण तिथं आता तुमचा मुलगा राहतो. त्याच्या हाती हे पडावं असं मला वाटत नाही. तेव्हा हे पाकिटात जाणार नाही. लिहून झालं की जुन्या रजिस्टरांखाली ठेवून देईन.

अजून एक सांगते आणि थांबते. गावोगावी आता आशा म्हणून नव्या मुली नेमल्या आहेत आणि त्यांना लेकरं बघायला शिकवायचं काम माझ्याकडं आहे. मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगते, वस्ती, घोंगडी, तुमचं गप्प बसून बघणं, आणि आई दोनदा बोलूनही जिनं ऐकलं नाही ती नर्ससुद्धा. खोटं बोलली तेही सांगते. फक्त "एक सिस्टर होती" असं म्हणते. मागच्या महिन्यात मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, ती सिस्टर आता कुठं असती?"

मी म्हटलं, "बदली झाली तिची," आणि पुढचं पान उलटायला सांगितलं.